बर्था बेंझ

जर्मनींतील फोर्झहाइम गांवीं १८४९ सालीं बर्थाबाईंचा जन्म झाला. विवाहाकरितां मिळालेलें धन त्यांनीं लग्नापूर्वींच भावी पति कार्ल बेंझ यांच्या कारखान्यांत घातलें. पुढें १८८६ सालीं कार्ल यांनीं तीन चाकांच्या मोटारीचें पेटंट मिळविलें. पण गिऱ्हाइक मिळेना.

१८८८ च्या ऑगस्टांत, पतीस न कळवितां, युजेन व रिचर्ड या मुलांसह बाई त्या मोटारींतून मॅनहाइमहून माहेरीं निघाल्या. वाट सुमारें १०६ किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या टाचणीनें मोकळी केली. विजेच्या तारेवरील आवरण झिजलें, तेव्हां मोज्याचा बंद तिजवर गुंडाळला. पेट्रोलचे पंप त्या काळीं कोठले? वीसलोखच्या औषधाच्या दुकानांतून लिग्रॉइन नांवाचें डाग काढण्याचें द्रव्य घेऊन तेंच इंधन म्हणून वापरलें. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले. एका चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकवून घेतलें. चढावर मात्र उपाय चालेना. मुलांनीं गाडी ढकलली. सायंकाळीं माहेराहून पतीस तार गेली.

चढाची अडचण ऐकून कार्ल यांनीं पुढें गाडीस आणखी एक गिअर बसविला. १९४४ सालीं, पंचाण्णवाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनीं, बर्थाबाई निवर्तल्या.