सवयींतून कॅन्सरचा माग काढणारे डॉ. खानोलकर

कमरेला रोज एकाच जागी घट्ट आवळलेली गाठ. तिथे घाम साचतो, कातडी घासली जाते, तिचा रंग बदलतो आणि कधी कधी जखम होऊन ती भरतच नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत धोतर नेसणारे आजोबा आणि लुगडे नेसणाऱ्या आजी असा त्रास वर्षानुवर्षे अंगावर काढतात. अशा जुनाट जखमेतून क्वचित त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी हे 1945 मध्येच वैद्यकीय जगासमोर मांडले होते.

खानोलकरांचा जन्म 13 एप्रिल 1895 रोजी क्वेट्टा येथे, मूळच्या गोमंतकीय कुटुंबात झाला. लंडन विद्यापीठातून 1923 मध्ये त्यांनी विकृतिशास्त्रात एमडी केले. परत आल्यावर मुंबईच्या ग्रँट मेडिकल आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजांत त्यांनी अध्यापन केले. रोग्याच्या शरीरातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून आजाराचे निदान करणे, हे विकृतिशास्त्रज्ञाचे काम. खानोलकर तेवढ्यावर थांबले नाहीत.

परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल 1941 मध्ये सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली. भारतात कॅन्सर फारसा होत नाही, असा समज तेव्हा रूढ होता. खानोलकरांनी रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. कॅन्सर इथेही होता. मात्र कोणाला कुठे होतो, हे राहणीमानाप्रमाणे बदलत होते. हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा, तर पारशी स्त्रियांत स्तनाचा कॅन्सर अधिक आढळे. तोंडाच्या कॅन्सरमागे तंबाखू होती. सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या 1945 च्या निबंधात त्यांनी सवयींशी जोडलेले कॅन्सर मांडले. धोतराच्या गाठीचा कॅन्सर त्यातलाच.

आंतरराष्ट्रीय कॅन्सरविरोधी संघटनेचे ते अध्यक्ष होते. 1952 मध्ये मुंबईत भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभे राहिले, त्याचे ते पहिले संचालक. पुण्याच्या कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधिका त्यांच्या हाताखाली घडल्या. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंत कसे शिरतात, याचाही त्यांनी अभ्यास केला. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पद्मभूषण किताबाने त्यांचा गौरव झाला. 29 ऑक्टोबर 1978 रोजी त्यांचे निधन झाले.

रुग्ण काय करतो, काय खातो, कुठे राहतो, हे विचारल्याशिवाय कॅन्सरचे मूळ सापडत नाही, हा त्यांच्या कामाचा गाभा. 1960 मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याच वाटेने एका दुर्मिळ कॅन्सरचे कारण सापडले. डॉ. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाच्या 33 रुग्णांची माहिती जमवली, तेव्हा जवळजवळ सर्वांचा ॲस्बेस्टॉसशी संबंध निघाला. काही जण तर खाणीत कधी उतरलेही नव्हते. ते फक्त खाणीजवळ राहिले होते.

मेसोथेलिओमा हा बहुतेक वेळा फुप्फुसावरच्या पातळ आवरणाचा कॅन्सर असतो. ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू श्वासावाटे आत जातात आणि 20 ते 40 वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा आजार दिसतो. धाप, छातीत दुखणे, वजन घटणे आणि छातीत पुन्हा पुन्हा पाणी होणे ही त्याची लक्षणे. आपल्याकडे छातीत पाणी झाले की आधी टीबीचा संशय येतो आणि बहुतेकदा तो रास्तही असतो. पण टीबीच्या औषधांनी गुण येत नसेल, तर आवरणाचा तुकडा काढून तपासणे, म्हणजेच बायोप्सी, टाळू नये. उपचारांत केमोथेरपी, इम्युनोथेरपी आणि निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया केली जाते. हा आजार पूर्ण बरा होणे कठीण असते. मात्र छातीतले पाणी काढून धाप कमी करता येते आणि आयुष्य काही काळ वाढवता येते.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना फक्त आजचा त्रास सांगू नका. तरुणपणी कारखान्यात, बांधकामावर किंवा जहाजतोडणीत काम केले असेल, तर तेही सांगा. खर्रा खात असाल तर लपवू नका. घरावरचे जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते कोरडे असताना कापू, फोडू किंवा घासू नका. कमरेची गाठ सैल ठेवा, तिची जागा बदला आणि तिथली जखम काही आठवड्यांत भरली नाही, तर दाखवून घ्या. शेजारच्या वर्ध्यातल्या डॉक्टरांनी 2024 मध्येही लुगड्याच्या गाठीशी जोडलेल्या अशा कॅन्सरची नोंद केली आहे. खानोलकरांच्या निबंधाला तोवर जवळपास 80 वर्षे होत आली होती.