प्रकाशाचं माप घेणारे रामन

दर वर्षी २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. १९८७ सालापासून हा दिवस पाळतात. तो सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या शोधाचा दिवस आहे. पण त्यांनी शोधलं काय आणि कसं, हे विचारलं तर पुष्कळ जण गप्प बसतात. म्हणून ही त्यांची थोडक्यात ओळख.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तामिळनाडूत तिरुचिरापल्ली इथे झाला. वडील शिक्षक होते. पुढे ते विशाखापट्टणमच्या कॉलेजात गणित आणि भौतिकशास्त्र शिकवू लागले. घरात पैसा बेताचा, पण पुस्तकं भरपूर! रामन अकराव्या वर्षीच मॅट्रिक झाले आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले.

तिथे वर्णपटमापक नावाचं यंत्र होतं. त्याने काचेच्या लोलकाचा कोन मोजायचा, हा सगळ्या मुलांचा नेहमीचाच प्रयोग. कोन मोजायचा, वहीत लिहायचा, झालं काम. रामनना मात्र कोन मोजता मोजता प्रकाशाचे बारीक पट्टे दिसले. हे पट्टे कशाने पडतात, याचा त्यांनी पाठपुरावा केला. त्यावरचा त्यांचा लेख १९०६ साली इंग्लंडच्या मासिकात छापून आला. तेव्हा त्यांचं वय अवघं अठरा वर्षांचं होतं, बरं का!

१९०७ साली ते सरकारच्या हिशेब खात्यात मोठे अधिकारी झाले आणि कलकत्त्याला गेले. दिवसा कचेरी, आणि सकाळ-संध्याकाळ बहुबाजार रस्त्यावरच्या विज्ञानसंस्थेत प्रयोग, असा त्यांचा क्रम असे. मधे त्यांची बदली रंगूनला झाली, आणि १९१० साली आपल्या शेजारच्या नागपूरला! इथेही कचेरी सांभाळून त्यांचे प्रयोग चालूच होते. पुढे १९१७ साली त्यांनी ती भारी पगाराची नोकरी सोडली आणि कमी पगारावर कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. लोकांना नवल वाटलं, पण त्यांना जे करायचं होतं ते त्यांनी केलं.

१९२१ साली बोटीने प्रवास करताना त्यांनी भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहिला. समुद्रात आकाश दिसतं म्हणून तो निळा, असं तेव्हा मानत. रामननी बोटीवरच पारख केली आणि ठरवलं, की पाणी स्वतःच प्रकाश विखुरतं. परत आल्यावर ते आणि त्यांचे विद्यार्थी निरनिराळ्या द्रवांतून प्रकाश सोडून पाहू लागले. १९२३ साली रामनाथन या विद्यार्थ्याला विखुरलेल्या प्रकाशात एक फिकट, वेगळ्याच रंगाचा प्रकाश दिसला. द्रवात मळ असेल, म्हणून तो पुन्हा पुन्हा शुद्ध केला. तरी तो प्रकाश जाईना! मग ही चूक म्हणायची, की नवी गोष्ट?

इथेच मापाचं महत्त्व कळतं. हिंगणघाटच्या बाजारात कापूस मोजायला नेला, तर शेतकरी आधी काटा शून्यावर आहे का ते पाहतो. काटाच खोटा असेल तर वजनाला काय अर्थ? प्रकाशाचंही तसंच आहे. पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचा प्रकाश वर्णपटमापकातून पाहिला, की ठराविक जागी ठराविक रेषा दिसतात. एक निळी-जांभळी रेषा ४३५.८ नॅनोमीटरची. (एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर.) एक हिरवी रेषा ५४६ची. या रेषा जगात कुठेही बदलत नाहीत. म्हणून हीच आपली खरी वजनं.

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामननी पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश वापरला. ओळखीच्या रेषेशेजारी, मधे काळी जागा सोडून, नवी रेषा स्पष्ट दिसली. बेंझिन या द्रवात ४३५.८च्या रेषेसोबत ४५५.५च्या आसपास नवी रेषा येते. दुसऱ्या द्रवात ती दुसऱ्या जागी येते. म्हणजे प्रत्येक पदार्थाची आपली खूण! मळाचा संशय संपला. या कामात कृष्णन हे त्यांचे सहकारी होते. त्याच सुमारास मॉस्कोतही दोन शास्त्रज्ञांना स्फटिकात असंच दिसलं होतं, पण रामन यांचा शोध आधी जाहीर झाला. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

पुढे ते बंगलोरला गेले. १९५४ साली त्यांना भारतरत्न मिळालं. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचं निधन झालं.

मुलांनो, आपल्यालाही हे माप घेता येतं. खोक्याला बारीक फट पाडा, आत जुन्या सीडीचा तुकडा तिरपा बसवा आणि रंग दिसतात तिथे आखलेली पट्टी लावा. सीएफएल दिव्याकडे पहा. एलईडी नको, त्यात अशा सुट्या रेषा नसतात. समजा, ४३६ची रेषा २०व्या रेघेवर आली आणि ५४६ची ४२व्या रेघेवर. म्हणजे २२ रेघांत ११० नॅनोमीटर, एका रेघेला ५. आता पारख करा. त्याच दिव्याची ६११ची तांबूस रेषा ५५व्या रेघेजवळ यायला हवी. आली तर पट्टी बरोबर. नाही आली तर पट्टी पुन्हा लावा, रेषेची जागा ओढूनताणून लिहू नका. मग गुरुजींच्या समोर ज्योतीत चिमूटभर मीठ टाका. पिवळी रेषा ५० आणि ५१च्या मधे दिसेल, म्हणजे ५८९च्या जवळ. सूर्याकडे मात्र या खोक्यातून कधीही पाहू नका, डोळे जातील.

आधी माप पारखा, मग मोजा, आणि जे दिसेल तेच लिहा. रामन यांना याच सवयीने मोठं केलं.