विल्यम केरी व त्यांस धाडणारी मंडळी

विल्यम केरी यांचा जन्म इ. स. १७६१ त इंग्लंडातील एका खेड्यात विणकराच्या घरी झाला. जोडे शिवून ते पोट भरीत; पुढे लेस्टर येथील मंडळीचे पाळक झाले. ता. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावी काही बंधूंनी परदेशी सुवार्ताकार्यासाठी अवघे १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स देऊ केले. लेस्टरच्या मंडळीस तर आपला प्रिय पाळकच द्यावा लागला. तिने दुःख गिळून त्यांस निरोप दिला. १७९३ त केरीसाहेब बंगाल्यात उतरले. श्रीरामपुराहून त्यांनी १८०५ त मराठी व्याकरण व १८११ त मराठी नवा करार प्रसिद्ध केला. १८३४ त ते प्रभूत निजले. सिल्लोडकडील प्रिय बंधुभगिनींनो, त्या गरीब मंडळीचे दान आपणापर्यंत पोहोचले. आपली मूठभर जोंधळ्याची अर्पणे कोणापर्यंत पोहोचणार?