सँडो बनियनमागचा माणूस

हॉस्टेलच्या दोरीवर वाळणाऱ्या सँडो बनियनला ज्याचं नाव मिळालं, तो युजेन सँडो १८६७ साली प्रशियात जन्मला. रंगमंचावर ताकदीचे खेळ करून तो जगभर गाजला. १८९७ मध्ये लंडनला त्याने व्यायामसंस्था काढली. १९०१ मध्ये शरीरसौष्ठव स्पर्धा भरवली, परीक्षक होते शेरलॉक होम्सवाले कॉनन डॉईल! १९२५ मध्ये तो गेला.

मला भावतं ते त्याचं स्प्रिंगवालं डंबेल. मूठ आवळली तरच दोन्ही भाग जुळतात. लक्ष उडालं की व्यायाम संपला! ग्राउंडला फेऱ्या मारताना माझं मन घड्याळात असतं, डंबेल उचलताना मात्र मस्त रमतं. तुम्हाला धावण्यात मजा येते? मग जरूर धावा. ज्यात मन लागतं, तोच व्यायाम परीक्षेच्या दिवसांतही टिकतो!