घर सांभाळून लिहिलेले गाव

गावाविषयीच्या पुस्तकांची गोष्ट निघाली की मराठी वाचकाला दोन नावे हटकून आठवतात. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला आणि नारायण गोविंद चापेकर यांचे 'बदलापूर' १९३३ साली. आत्रे महसूल खात्यात होते, चापेकर निवृत्त न्यायाधीश. दप्तर कसे चाळावे, साक्षीपुरावा कसा तोलावा, हे दोघांच्याही अंगवळणी पडलेले होते. १९३९ साली इंग्लंडमध्ये अशाच एका लहानशा खेड्यावर एक पुस्तक निघाले. त्याच्या लेखिकेजवळ ना दप्तर होते, ना पदवी. चौदाव्या वर्षीच तिने शाळा आणि घर मागे टाकले होते. तीन मुलांना वाढवून आणि नवऱ्याच्या बदल्यांमागे बिऱ्हाडे हलवून, वयाच्या बासष्टाव्या वर्षी तिने आपले गाव कागदावर उतरवले. तिचे नाव फ्लोरा थॉम्पसन आणि पुस्तकाचे नाव 'लार्क राइज'.

फ्लोराचा जन्म ५ डिसेंबर १८७६ रोजी ऑक्सफर्डशायरमधील जुनिपर हिल येथे झाला. याला गाव म्हणण्यापेक्षा वाडी म्हणणे अधिक योग्य. शेतांच्या मधोमध काही मजुरांच्या झोपड्या आणि एक दारूचा गुत्ता, एवढाच तिचा पसारा. शाळा आणि चर्च शेजारच्या कॉटिसफर्ड गावात, तिथवर रोज पायपीट करायची. वडील अल्बर्ट टिम्स गवंडी होते, तर आई एमा लग्नापूर्वी मोठ्या घरात मुले सांभाळण्याचे काम करीत असे. त्या घरात पुष्कळ मुले जन्मली. त्यांतली कितीतरी बालपणीच गेली. मागे राहिलेल्यांत फ्लोरा थोरली. तिच्या पाठचा एडविन हा तिचा जिवाभावाचा सोबती. शेतातून, पायवाटांवरून ही दोघे भावंडे एकत्र हिंडली.

चौदाव्या वर्षी फ्लोरा जवळच्याच फ्रिंगफर्ड गावी टपाल कचेरीत मदतनीस म्हणून राहू लागली. तिथली पोस्टमास्तरीणबाई वेगळ्याच धाटणीची होती. नवऱ्यामागे ती टपाल कचेरीबरोबर लोहारशाळाही चालवीत असे! पुढे निरनिराळ्या गावांच्या टपाल कचेऱ्यांत काम करीत फ्लोरा १८९८ मध्ये ग्रेशॉटला आली. तिथे कॉनन डॉइल आणि बर्नार्ड शॉ यांच्यासारखी माणसे तिकिटे घ्यायला, तारा करायला खिडकीशी येत. लेखक कसा दिसतो, हे तिने असे टपालाच्या खिडकीतून पाहिले.

१९०३ साली जॉन थॉम्पसन या टपाल खात्यातल्या कारकुनाशी तिचे लग्न झाले आणि बोर्नमथ येथे संसार सुरू झाला. चरित्रकार सांगतात की सासरच्या मंडळींना मजुराच्या वाडीतून आलेली ही सून कमीपणाची वाटे. बाईमाणसाने वाचीत आणि लिहीत बसणे म्हणजे वेळ फुकट घालवणे, असे खुद्द जॉनलाही वाटे. हे चित्र काही वेळा जरा गडद रंगवले गेले असेल. पण घरात तिच्या लेखनाचे कौतुक नव्हते, एवढे खरे. तिने भांडण मांडले नाही. सार्वजनिक वाचनालयातून पुस्तके आणून मुलांना निजवल्यावर ती वाचीत राहिली. १९११ साली एका स्त्रियांच्या मासिकाच्या स्पर्धेत जेन ऑस्टिनवरच्या तिच्या निबंधाला बक्षीस मिळाले. मग ती मासिकांना छोट्या गोष्टी पाठवू लागली. त्या गोष्टी फारशा चांगल्या नव्हत्या, हे तिला ठाऊक होते. पण त्यांचे पैसे येत, आणि मुलांच्या शिक्षणाला ते उपयोगी पडत. शिवाय कमाईचे काम म्हटल्यावर घरातल्या लोकांनाही त्याला नावे ठेवता येईनात. संसाराच्या खर्चाची अशी ढाल करून तिने आपली लेखणी जिवंत ठेवली.

१९१६ मध्ये जॉनची लिपहूक येथे पोस्टमास्तर म्हणून बदली झाली. त्याच वर्षी एडविन बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला. ज्याच्याबरोबर तिने लहानपणचे गाव पाहिले होते, तो एकमेव साक्षीदार गेला. आता ते गाव फक्त तिच्या आठवणीत उरले. १९१८ मध्ये तिसरे अपत्य, पीटर, जन्मले. चाळिशी उलटल्यावर पुन्हा पाळणा, दुपटी, जागरणे आली. तरीही १९२१ मध्ये तिचा कवितासंग्रह निघाला. १९२२ पासून काही वर्षे ती एका कॅथलिक मासिकासाठी निसर्गावर दरमहा लेख लिहीत होती. घरकाम आटोपून ती माळरानावर एकटी लांबवर फिरे, पाहिलेले डोक्यात साठवी आणि घरी येऊन लिही. १९२५ मध्ये तिने लिपहूक आणि भोवतालच्या परिसराची माहिती देणारी पुस्तिका लिहिली. एका मैत्रिणीच्या साहाय्याने तिने टपालाने चालणारे एक लेखनमंडळही काढले होते. सभासद आपले लिखाण एकमेकांकडे पाठवीत आणि त्यावर अभिप्राय देत. घर सोडून बाहेर जाता न येणाऱ्यांसाठी हीच साहित्यसभा!

त्यानंतर डार्टमथला बदली झाली, पुन्हा नवे बिऱ्हाड. मुले मोठी झाली, घरात थोडी शांतता आली, आणि इतक्या वर्षांचे साठलेले बाहेर येऊ लागले. १९३७ मध्ये वाडीतल्या लेस विणणाऱ्या एका म्हातारीवरचा लेख मासिकात छापून आला. असे आणखी काही लेख झाल्यावर तिने ते ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे धाडले. प्रकाशकांनी पुस्तकच मागितले. 'लार्क राइज' १९३९ मध्ये आले, 'ओव्हर टू कँडलफर्ड' १९४१ मध्ये आणि 'कँडलफर्ड ग्रीन' १९४३ मध्ये. १९४५ मध्ये ही तिन्ही एकत्र छापली गेली.

या पुस्तकात राजे नाहीत, लढाया जवळजवळ नाहीतच. आठवड्याला १० शिलिंग मजुरीत मोठे कुटुंब कसे जगत होते, ते आहे. प्रत्येक झोपडीमागे पोसलेले डुक्कर आहे. त्याच्या मांसावर वर्षाची बेगमी. खाद्य उधार आणायचे तर जिवंतपणीच अर्धे डुक्कर खाटकाकडे गहाण पडे. कापणी झाल्यावर बायकापोरे शेतात सरवा वेचायला जात आणि त्या धान्याचे पीठ हिवाळ्यात घराला आधार देई. जुनी सॅली नावाच्या म्हातारीच्या तोंडून पूर्वीचा मोकळा माळ येतो. त्या सामाईक माळाला कुंपणे पडली आणि लहान माणूस कसा निव्वळ मजूर झाला, हे अर्थशास्त्राचा एकही जड शब्द न वापरता वाचकाला कळते. महसुलाच्या कागदात मजुरीचा आकडा मिळेल. पण त्या आकड्यात मुलाचे बूट बसत नाहीत म्हणून आईचा जीव कसा कासावीस होतो, ते कोण नोंदवणार? ते ज्याने घर चालवले आहे त्यालाच दिसते. फ्लोराचा संसार तिच्या लेखनाच्या आड आला, असे म्हणण्याची पद्धत आहे. त्याने तिची वर्षे घेतली, हे खरेच आहे. पण पाहण्याची नजरही तिला त्याच संसाराने दिली.

तिने माणसांची व गावांची नावे बदलली आणि स्वतःला लॉरा म्हटले, एडविनला एडमंड. पुढे अभ्यासकांनी जनगणनेची आणि चर्चची कागदपत्रे ताडून पाहिली, तेव्हा बरीचशी माणसे जुळली, काही तपशील जुळले नाहीत. आपल्या मेलेल्या भावंडांबद्दल ती जवळजवळ बोलतच नाही. म्हणून हे पुस्तक दप्तराची जागा घेत नाही. दप्तरात न मावणारे ते सांगते.

'लार्क राइज'च्या शेवटी त्या लहानशा वाडीतून महायुद्धावर गेलेल्या आणि परत न आलेल्या अकरा जणांची आठवण आहे. त्यांची नावे चर्चमधल्या पितळी पत्र्यावर कोरलेली आहेत, आणि सर्वांत खाली एकटे नाव आहे एडमंडचे. भावाचे नाव लिहून तिने पुस्तक संपवले. त्याला दोनच वर्षे होतात तोच, १९४१ मध्ये, धाकटा पीटर अटलांटिक महासागरात जहाज बुडवले गेल्याने गेला. त्या वेळी ती ब्रिक्सहॅमला राहत होती. लोक तिच्या पुस्तकाची वाखाणणी करीत होते आणि तिचे चित्त त्यात उरले नव्हते. तरी तिसरा भाग तिने पुरा केला. २१ मे १९४७ रोजी तिचे निधन झाले. आणखी एक पुस्तक तिच्या मागे १९४८ साली निघाले. डार्टमथच्या दफनभूमीत तिच्या स्मृतिशिळेवर पीटरचेही नाव आहे.

आपल्यापैकी बरेचजण सुट्टीत गावी जातात. तिथे कोणाच्या तरी आजीला अजून आठवत असते, दुष्काळात घरात काय शिजले, पायली कितीला मिळत होती, आडाचे पाणी कोणाला भरू दिले जात असे आणि कोणाला नाही. यातले पुष्कळसे कोणत्याच कचेरीत लिहून ठेवलेले नाही. फ्लोराला वाट पाहावी लागली आणि तोवर तिचा साक्षीदार निघून गेला. आपल्या हाताशी वही आहे, आणि आजी अजून ओट्यावर बसलेली आहे.