दादासाहेब फाळके यांचा प्रपंच

नोकरीची शाश्वती नाही आणि पदरी लहान मुले आहेत, अशा तरुण गृहस्थांची संख्या आमच्या सभासद कुटुंबांत अल्प नाही. त्यांना मनात धरूनच यंदाच्या अंकात आम्ही धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांचे चरित्र देत आहोत. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. परंतु त्यांच्या प्रपंचाची विवंचना कोणत्याच ज्ञातीला परकी नाही.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे एका शास्त्र्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. विद्या पुष्कळ, मिळकत मात्र बेभरवशाची. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा धंदा मांडला, आणि तेथेच प्लेगने त्यांची पत्नी व मूल हिरावून नेले. तिशीच्या उंबरठ्यावर हा गृहस्थ एकाकी झाला.

१९०२ मध्ये त्यांनी सरस्वतीबाईंशी विवाह केला. १९०३ मध्ये सरकारच्या पुराणवस्तू खात्यात नोकरी मिळाली. पण स्वदेशीच्या त्या दिवसांत तीही त्यांनी सोडली. मग छापखाना काढला. रंगीत छपाईसाठी १९०९ मध्ये जर्मनीस जाऊन आले. धंद्याला बरकत येऊ लागली, तोच भागीदारांशी बिनसले आणि चाळिशीत ते पुन्हा रिकामे झाले. घरी लहान मुले होती.

अशा स्थितीत १९११ मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट त्यांनी पाहिला, आणि आपल्या देवदेवतांची चित्रे अशीच पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. रात्रीच्या जागरणांनी काही काळ त्यांची दृष्टीही गेली होती. तरीही विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते विलायतेस गेले व छायायंत्र घेऊन आले.

येथे आम्हांस स्पष्ट लिहिले पाहिजे. विमा हा मुलाबाळांचा असतो. तो गहाण टाकणे आम्ही कोणाही तरुण पित्यास सुचविणार नाही. यशामुळे आज ते धाडस शोभते. अपयश आले असते तर त्याला निराळे नाव मिळाले असते. ते भय घरात रोज कोणी सोसले असेल, याचा विचार चरित्रकार फारसा करीत नाहीत. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. दादरच्या घरी चित्रीकरण चाले तेव्हा सर्व मंडळींचा स्वयंपाक त्या करीत. रात्री फिल्मला भोके पाडणे, ती धुणे ही कामेही त्यांच्याकडेच होती. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीच्या कामास कोणी स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका खाणावळीतील अण्णा साळुंके यांना घेतले. दरमहा दहा रुपयांवर राबणारा तो माणूस पंधरा रुपयांवर आला, असे सांगतात. त्या पाच रुपयांचे मोल आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला आणि पैसा मिळू लागला. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये कन्या मंदाकिनी श्रीकृष्ण झाली. तथापि स्थैर्य लाभले नाही. नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीतही भागीदारांशी वाद झाले. ते बाहेर पडले, परत आले. बोलपट आल्यावर त्यांची विद्या मागे पडली. सदुसष्टाव्या वर्षी, १९३७ मध्ये, त्यांनी कोल्हापुरास ‘गंगावतरण’ पुरा केला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले, तेव्हा घरची स्थिती ओढगस्तीचीच होती.