तुतनखामेनने किती वर्षं राज्य केलं? वाइनच्या रांजणांवर लिहून ठेवलंय!

तुतनखामेन म्हटलं की सोन्याचा मुखवटा आठवतो. पण तो गादीवर किती वर्षं होता, हे कळायला सोन्यापेक्षा वाइनचे रांजण जास्त कामी आले.

इजिप्तच्या या राजाचा जन्म इसवी सनापूर्वी १३४१ च्या आसपासचा. वडील अखेनातेन यांनी जुने देव बाजूला सारून एकट्या आतेन या सूर्यदेवाची पूजा सुरू केलेली. म्हणून पोराचं नाव तुतनखातेन. साधारण नवव्या वर्षी तो राजा झाला. त्याच्या काळात जुने देव परत आले आणि त्याचं नाव तुतनखामेन झालं. १८-१९ व्या वर्षी तो वारला.

नंतरच्या राजांना मात्र या घराण्याची आठवणही नको होती. होरेमहेबने त्याच्या स्मारकांवर स्वतःचं नाव कोरलं. अबायडोसच्या मंदिरातल्या राजांच्या यादीतूनही तो गायब झाला.

१९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरला त्याची कबर सापडली. आत वाइनचे २६ रांजण होते. बहुतेकांवर राज्याचं वर्ष, मळा आणि वाइन बनवणाऱ्या कारागिराचं नाव शाईने लिहिलेलं. वर्षं ४, ५ आणि ९. म्हणजे नवव्या वर्षीही गादीवर तोच होता.

वाइन कधीच आटली होती. पण २००४ मध्ये स्पेनच्या संशोधकांनी एका रांजणातला सुकलेला थर तपासला. त्यात लाल द्राक्षांच्या रंगापासून बनणारं सिरिंजिक आम्ल मिळालं. म्हणजे ती रेड वाइन होती. रांजण पाचव्या वर्षाचा, कारागीर खा नावाचा, आणि मळा तुतनखामेनच्या नावाचा. दगडावरून खोडलेलं नाव मातीच्या रांजणावर शाबूत राहिलं होतं.